मागं न बघता ऊठ

भाद्रपद आला की मला माझा उजवा पाय लपवावासा वाटतो. कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसते, बूट घातलेला तो पाय सीटखाली मागे सरकवते आणि बाहेर बघत राहते. रांजणगाव येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजरी काढणीला आलेली असते. कुठे कणसं खुडून झालेली, कुठे बायका ओळीने वाकलेल्या, नुसत्या पाठी दिसतात. खिडकीतून बाजरीच्या ताटांचा कोरडा, जरासा गोड वास आत येतो. पितृपंधरवड्यात आमच्याकडे कोणी नवी वस्तू घेत नाही, सोयरिकीचं बोलत नाही. पण शाळांच्या हॉकी स्पर्धा मात्र नेमक्या याच दिवसांत लागतात. परवा एका स्टॉपवर तीन मुली उभ्या होत्या, पाठीवर दप्तर, हातात स्टिक. त्यांतली उंच मुलगी कंबरेवर दोन्ही हात ठेवून आळस द्यायला मागे झुकली आणि अर्ध्यातच थांबली. शेजारची काहीतरी बोलली, तशी ती हसली. बस पुढे गेली आणि माझं सगळं पुन्हा सुरू झालं.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोकं आधी यायचं, तर माझे पाय आधी आले. यात माझं कर्तृत्व काहीच नाही, त्रास झाला तो आईला. पण आमच्या गावात पायाळू माणसाला भलताच मान. कोणाच्या कंबरेत उसण भरली, म्हणजे वाकताना किंवा ओझं उचलताना एकदम चमक भरली आणि सरळच होता येईना, की पायाळूला बोलवायचं. दुखणाऱ्या माणसानं पालथं पडायचं. पायाळूनं उजवा पाय तीनदा कंबरेवर टेकवायचा. मग म्हणायचं, "उतरली. मागं न बघता ऊठ." आणि त्यानं खरोखर मागे न बघता उठून चालू लागायचं; बघितलं तर उसण परत भरते म्हणे. चार वर्षांची असल्यापासून मला लोक कडेवर घेऊन न्यायचे. आजोबांच्या वयाची माणसं माझ्यापुढे पालथी पडायची. पोरीच्या डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं!

याला दुसरी बाजूही होती. पायाळू माणसावर वीज पडते अशी समजूत, त्यामुळे आभाळ गडगडलं की मैदानावरच्या पोरी माझ्यापासून दहा हात लांब. मी गोलकीपर होते. एरवी बॉल अडवला की गळ्यात पडणाऱ्या मैत्रिणी ढग दिसले की म्हणायच्या, "सुवर्णे, तू तिकडंच थांब बाई." आमची टीम बघणारे कदम सर त्यावर खूश. म्हणायचे, "बरंय, गोलपुढं गर्दी व्हत न्हाई."

सर मूळचे भूगोलाचे. हॉकी त्यांच्या गळ्यात पडली होती आणि त्यांनी ती मनापासून गळ्यात घालून घेतली होती. आमचं गाव शिरूर तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या अलीकडे. पूल ओलांडला की दौंड तालुका. शाळेत एकाच मापाच्या बारा स्टिक्स होत्या, कुठल्याशा दुसऱ्या शाळेने दिलेल्या. मला पॅड म्हणून क्रिकेटचे पॅड, त्यांतल्या एकाचा पट्टा सुतळीचा. ठेंगण्या पोरींना त्या स्टिक्स बरोबर बसायच्या. रूपालीला नाही.

रूपाली माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. सातवीच्या सुट्टीत ती अशी काही वाढली की तिच्या आईने सलवारींना खाली दुसऱ्याच कापडाच्या पट्ट्या जोडल्या. सगळं लांब, हात लांब, पाय लांब, वेणी लांब, फक्त स्टिक आखूड. बॉलपर्यंत पोचायला ती दुमडल्यासारखी वाकायची. आणि सर साइडलाइनवरून ओरडायचे, "वाक, रूपाली! अजून वाक! बॉल जिमिनीवर हाय, आभाळात न्हाई!" गुडघ्यातून वाकायचं की कंबरेतून, हे आम्हांला कोणी सांगितलं नाही. सरांनाही कोणी सांगितलं नसावं. वाकणं म्हणजे आम्ही शेतात बघितलेलं वाकणं, पाय सरळ आणि कंबर मोडलेली. बाजरी तशीच काढतात, कांदा तसाच लावतात, हॉकीही तशीच खेळत असतील, एवढं आमचं शास्त्र.

पण काय खेळायची ती! पेनल्टी कॉर्नर मिळाला की बॉल तिच्याकडेच यायचा. ती बॉल स्टिकला चिकटवल्यासारखा मागून पुढे ओढत आणायची, कंबरेतून वळायची आणि फेकायची. बॉल गोलच्या फळीवर खाडकन वाजला की मग समोरच्या गोलकीपरचा पाय हलायचा. सरावाला तिचा तो बॉल अडवायला मी समोर असायचे. रोज शंभर तरी मारायची. मी म्हणायचे, "बास की गं, माझ्या नडग्या फुटल्या." ती म्हणायची, "धा मारते आन् थांबते." तिचे दहा कधी दहा नसायचे.

दहावीच्या वर्षी श्रावण अर्धा सरला तशी तिची कंबर दुखू लागली. एका सकाळी सराव संपल्यावर ती स्टिक टेकून उभी राहिली, म्हणाली, "उसण भरली वाटतं." पोरींनी माझ्याकडे बघितलं. मी पॅड सोडला, बूट काढला, मोजा काढला. ती ओल्या गवतावर पालथी पडली. मी तीनदा पाय टेकवला, म्हटलं, "उतरली. मागं न बघता ऊठ." ती उठली, चार पावलं गेली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "उतरली की गं खरंच!" पोरींनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "आपल्या टीमला डॉक्टर कशाला पायजे? सुवर्णा हाय की." त्या वाक्याने मी किती फुगले होते, ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

आठ दिवसांनी पुन्हा भरली. मग चार दिवसांनी. मग रोजच. सराव संपला की रूपाली मुकाट्याने पालथी पडायची आणि मी बूट काढायचे. टाळ्या कधी थांबल्या ते कळलं नाही. उसण अशी रोज भरत नाही, एवढं मला पायाळू म्हणून तरी कळायला हवं होतं. मागच्या दहा-अकरा वर्षांत माझ्याकडे आलेलं एकही माणूस महिनाभर रोज आलं नव्हतं.

तिच्या घरी त्या दिवसांत कांद्याची लागण चालू होती. मी एकदा संध्याकाळी गेले तर ती आईबरोबर वाफ्यात वाकलेली, घोट्यापर्यंत चिखलात, हातात रोपांची जुडी. मी बांधावरूनच म्हटलं, "काकू, तिची कंबर दुखतीय."

काकूंनी मान वर केली, कंबर नाही. "दुखती म्हंजी? माझी दुखत न्हाई व्हय? हिच्या आत्याला इचार. बाईमाणसाची कंबर दुखायचीच." आणि मग जरा मऊ आवाजात, "तू पाय लावतीस न्हवं रोज? लाव गं बाई. तुझ्या पायाला गुण हाय."

काकू दुष्ट नव्हत्या. त्यांच्या सगळ्या आयुष्यात न दुखणारी कंबर त्यांनी बघितलीच नव्हती, तर दुखणारी वेगळी ओळखणार कशी? पण मी ओळखू शकले असते. मला बरंच काही दिसत होतं. रूपाली वर्गात बाकावर एका बाजूला कलून बसायची. बुटाची नाडी बांधायला वाकायची नाही, पाय बाकावर घ्यायची. शिंक आली की आधी भिंत धरायची. हे सगळं मी बघत होते आणि माझ्या पायावर विश्वास ठेवत होते. खरं सांगायचं तर विश्वासही उरला नव्हता. मला दौंडची मॅच जिंकायची होती.

त्याचंही सांगायला हवं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावलं होतं की दहावी झाली की शिक्षण बास. सर म्हणाले, विभागापर्यंत गेलीस तर खेळाचं सर्टिफिकेट मिळतं, पुण्याला हॉस्टेलवर राहून शिकायची सोय होते, मी बोलतो आबांशी. दौंडला जिल्ह्याची फायनल होती. ती जिंकली तर विभाग. न जिंकली तर चूल आणि कांद्याचे वाफे. माझ्या आणि पुण्याच्या मध्ये एकच गोष्ट उभी होती, ती म्हणजे रूपालीचा पेनल्टी कॉर्नर.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी आम्ही टेम्पोतून निघालो. पोरी सतरंजीवर बसून गाण्याच्या भेंड्या खेळत होत्या. रूपाली हौदाची कड धरून सगळा रस्ता उभी. पुलावर टेम्पो सांध्यांवरून धडधडला, तसे तिने डोळे मिटले. मी खालून विचारलं, "बस की गं." ती म्हणाली, "हितनं नदी चांगली दिसती." डोळे मिटलेलेच होते.

दौंडचं ते मैदान मुरमाचं होतं. जवळच रेल्वे, मध्येच इंजिनाचा लांबलचक भोंगा व्हायचा आणि पंचांची शिट्टी ऐकू यायची नाही. भाद्रपदाचं ऊन डोक्यात उतरत होतं. मध्यांतराला एक-एक. सगळ्यांना घरून डब्यात आणलेले पित्राचे वडे आठवत होते, पण खायला कोणी धजत नव्हतं. रूपाली पाण्याच्या पिंपामागे सावलीत जाऊन उभी राहिली. मी गेले, सवयीने पॅड सोडायला लागले.

ती म्हणाली, "सुवर्णे, आज राहू दे. आज पाय नको लावू."

"का?"

"आज उसण न्हाई ती. येगळंच हाय काय तरी."

हे तिचे शब्द. मी ते चांगले ऐकले, रेल्वेचा भोंगा वगैरे काही वाजत नव्हता. आणि मी म्हटलं, "असं कसं? पाय न लावता तुला वाकता येणार हाय का? पड बरं. शेवटची येळ."

तिने आधी गुडघे टेकले, मग हात, मग हळूहळू पालथी झाली. मी पाय ठेवला. नेहमी हलकेच टेकवायचे. त्या दिवशी घाईत जरा जोरच दिला. तीनदा. मुरमातली तिची बोटं आवळली गेली. मी म्हटलं, "उतरली. मागं न बघता ऊठ."

ती मागे न बघता उठली आणि मैदानात गेली.

शेवटच्या मिनिटांत पेनल्टी कॉर्नर मिळाला. मी दुसऱ्या टोकाच्या गोलमध्ये, बोटं चावत. ती वाकली, बॉल ओढला, वळली. फळी वाजल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. पोरी नाचायला लागल्या, सर मैदानात धावले. रूपाली मात्र तशीच वाकलेली राहिली, हात गुडघ्यांवर. आम्हांला वाटलं, दम खातेय. मी पॅडसकट सगळं मैदान पळत गेले आणि आनंदाने तिच्या पाठीत दणकन थाप मारली. ती खाली बसली. परत उभी राहिली ती सरांच्या आणि टेम्पोवाल्या मामांच्या हातांवर.

पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो काढले. सरांनी आम्हांला वर्गात फळ्यावर खडूने मणका काढून दाखवला, नद्यांची खोरी काढायचे त्याच हाताने. कंबरेच्या शेवटच्या मणक्याला मागच्या बाजूला चीर गेली होती. वाढत्या वयात पुन्हा पुन्हा वाकून, वळून हाड थकतं आणि तडकतं. सुरुवातीलाच खेळ थांबवून तीन-चार महिने विश्रांती दिली असती तर बहुतेक भरून आली असती. आता दोन्ही बाजूंनी गेली होती आणि मणका जरासा पुढे सरकला होता. सरांनी खडू खाली ठेवला. "मलाबी उसणच वाटली रे पोरींनो," एवढं म्हणाले आणि तास संपायच्या आधी बाहेर गेले.

विभागाला आम्ही तिच्याविना गेलो आणि पहिल्याच मॅचला हरलो. पण सर्टिफिकेट मिळालं. सरांनी शब्द पाळला, आबा मानले, मी पुण्याला शिकले. आज मी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. माझं काम काय, तर लोखंडी भागांमधल्या चिरा शोधायच्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या. भागावर लाल रंग लावायचा, पुसायचा, वरून पांढरी पावडर मारायची; चीर असेल तर तिथून बारीक लाल रेघ वर येते. मग तो भाग बाजूला काढायचा. पंचवीस वर्षांत रूपालीच्या दारात मोजून तीन-चार वेळा गेले असेन, तेही हळदीकुंकवाला, सगळ्यांबरोबर. तिचं लग्न उशिरा जमलं. कंबरेचा पट्टा साडीखाली दिसतो म्हणून दोन स्थळं परत गेली, हे मी आईकडून ऐकलं होतं. ऐकलं आणि विषय बदलला.

गेल्या शनिवारी तिचा फोन आला. "सुवर्णे, आमच्या श्रावणीची कंबर दुखतीय गं. नववीत हाय, दौंडच्या टीमला हॉकी खेळती. सासूबाई म्हणत्यात पायाळू बघा. येतीस का उद्या?"

मी रात्रभर पाठ केलेलं वाक्य घेऊन रविवारी वरवंडला गेले. तिचं घर हायवेपासून आत, कडेला रोपवाटिका. हिरव्या जाळीखाली मिरची-टोमॅटोच्या रोपांचे ट्रे, सगळे लोखंडी मांडवांवर कंबरेच्या उंचीला. दुसऱ्या रोपवाटिकांमध्ये ट्रे जमिनीवर असतात. इथे एकही ट्रे खाली नव्हता, झारीसुद्धा खुंटीला टांगलेली. रूपाली ट्रेंच्या मधून सरळ चालत आली, फार सरळ. उंच बाई अशी चालली की लोक रुबाब म्हणतात.

ओसरीवर घोंगडी अंथरलेली होती. त्यावर एक उंच, हडकुळी पोरगी पालथी पडली होती, वेणी घोंगडीच्या बाहेर गेलेली. सासूबाई म्हणाल्या, "ये बाई. चप्पल काढ, पाय धू. कवापसनं वाट बघतोय."

मी पायरीवरच उभी राहिले. "आजी, मी पाय लावणार न्हाई."

"का गं?"

पाठ केलेलं वाक्य तेवढंच होतं. रूपालीच मागून सासूबाईंना म्हणाली, "आत्याबाई, मी तिला पाय लावायला बोलावलीच न्हाई. पोरगी माझं ऐकना. 'आई, उसणच हाय' म्हणती. फायनल झाल्यावर डॉक्टरकडं जाऊ म्हणती. म्हटलं, जिचं सर्टिफिकेट झालं तिच्याच तोंडनं ऐक."

यात टोमणा असता तर सोपं गेलं असतं. टोमणा नव्हता. तिने मला पाण्याचा तांब्या दिला. मी तिथेच, पायरीवर उभी राहून, पंचवीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "रूपे, त्या दिवशी तू नको म्हणली व्हतीस. मग उठलीस कशाला गं? न्हाई उतरली म्हणायचं. शिवी द्यायची मला."

ती जाळीकडे बघत म्हणाली, "तुला पुण्याला जायचं व्हतं. मला ठावं व्हतं की. आन् मागं न बघता उठायचं असतंय म्हणून बरं झालं. मागं बघितलं असतं तर तुला माझं त्वांड दिसलं असतं." मग तांब्या माझ्या हातातून परत घेत, "लई रडत व्हते गं मी. महिनाभर रोजच."

रोज. म्हणजे त्या सगळ्या सकाळी ती उठून चालू लागायची ती रडत. आणि मी तिच्या पाठीकडे बघत बुटाची नाडी बांधायचे, काम फत्ते झाल्यासारखी.

मी घोंगडीला वळसा घालून पोरीच्या डोक्याकडे गेले आणि तिच्या समोर जमिनीवर बसले. तिने मान वर केली. डोळे आईचेच, आणि काठोकाठ भरलेले. आयुष्यात पहिल्यांदा मी पायाळू म्हणून बोलावलेल्या घरी पालथ्या पडलेल्या माणसाचं तोंड बघत होते.

"श्रावणी, कुठं दुखतंय?"

इतका साधा प्रश्न. त्या सबंध हंगामात रूपालीला तो कोणी विचारला नव्हता; मी तर कंबर दिसली की मधोमध पाय ठेवून मोकळी व्हायचे. श्रावणीने हात मागे नेला आणि एक बोट ठेवलं. एकच बोट, मणक्याच्या जरा डावीकडे, रुपयाएवढ्या जागेवर.

मी वर बघितलं. दारात रूपाली चौकटीला टेकून तिरकी उभी होती. तिचा हात तिच्याही नकळत मागे गेला होता, आणि तिचं बोट तिथंच टेकलेलं होतं.